ओ_डायरेक्ट आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट': जुन्या मशीनवर चालतं, नव्यावर चालत नाही

बारीकसारीक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

कामावर एक जुना सी प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय. टेस्ट बेंचवरच्या सेन्सरांचा डेटा घेऊन तो थेट डिस्कवर लिहितो, एकेक फाइल चाळीस-पन्नास जीबीची. लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले आणि कॉमेंट म्हणाल तर शपथेलाही नाही. फाइल उघडताना ओ_डायरेक्ट फ्लॅग (कर्नलची कॅश टाळून थेट डिस्कवर लिहा, असं सांगणारा) दिलाय आणि बफर पॉझिक्स_मेमअलाइनने घेतलाय, अलाइनमेंट ५१२, म्हणजे बफरचा पत्ता ५१२ च्या पटीत.

जुनं मशीन: सेंटओएस ७, साटा डिस्क, एक्सएफएस फाइल सिस्टिम. तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहे.
नवं मशीन: उबुंटू २४.०४, एनव्हीएमई ड्राइव्ह, एक्सएफएसच. इथे ओपन व्यवस्थित होतं आणि पहिल्याच राइटला आपटतं. एसट्रेसमध्ये (प्रोग्राम कर्नलला कोणते कॉल करतो ते दाखवणारं टूल) ही ओळ, ईइन्व्हॅल म्हणजे 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट':

राइट(३, ..., ५१२) = -१ ईइन्व्हॅल

ओ_डायरेक्ट काढला की चालतं. पण मग पेज कॅश (कर्नल फाइलींचा डेटा रॅममध्ये ठेवतो ती) रॅम खात सुटते आणि त्याच मशीनवर चालणारा विश्लेषणाचा प्रोग्राम गचके खातो. त्यामुळे 'फ्लॅग काढून टाक' हा सल्ला नको, तो ऑफिसात फुकट मिळालाय.

खटपट्या | सोमवार, रात्री ९:५२

५१२ च्या जागी ४०९६ कर. विषय संपला.

बारीकसारीक | सोमवार, रात्री १०:०५

ते केलं होतं. पॉझिक्स_मेमअलाइनला ४०९६ दिलं, पत्ता छापून बघितला, शेवटचे तीन हेक्स अंक ०००. म्हणजे बफर अलाइन आहे. तरी तोच एरर.

चाफेकळी | सोमवार, रात्री १०:३१

बफर अलाइन करून भागत नाही. ओ_डायरेक्टला तीन गोष्टी लागतात: मेमरीतला बफरचा पत्ता, फाइलमधला ऑफसेट, आणि किती बाइट लिहायचे ती लांबी. यातली एक जरी बसली नाही तरी कर्नल ईइन्व्हॅल देतो, आणि तिघींतली कोणती चुकली ते सांगत नाही. तुमच्या एसट्रेसच्या ओळीतच उत्तर असावं असं वाटतंय. तो राइट ५१२ बाइटचा का आहे?

दोन्ही मशीनवर हे चालवा (डिस्कच्या सेक्टरचे आकार कळतील) आणि काय येतं ते इथे टाका:

एलएसबीएलके -ओ नेम,फिज-सेक,लॉग-सेक

बारीकसारीक | मंगळवार, सकाळी ९:१५

५१२ बाइट म्हणजे फाइलचं हेडर. सेन्सरांची संख्या, सॅम्पलिंग रेट, तारीख वगैरे. त्यानंतर १ एमबीचे तुकडे एकामागून एक जातात.

जुन्या डिस्कवर: फिजिकल ४०९६, लॉजिकल ५१२.
नव्या ड्राइव्हवर: फिजिकल ४०९६, लॉजिकल ४०९६.

चाफेकळी | मंगळवार, सकाळी ९:४८

मग झालं तर. घोडं त्या हेडरपाशी अडलंय.

तुमची जुनी डिस्क ज्याला ५१२-ई म्हणतात त्या जातीची आहे. आत प्लॅटरवर सेक्टर ४०९६ बाइटचेच आहेत, पण बाहेरच्या जगाला ती ५१२ चे सेक्टर असल्याचं भासवते. तुम्ही ५१२ बाइट लिहिले की डिस्क स्वतः आतला ४०९६ चा सेक्टर वाचते, त्यातले ५१२ बदलते आणि परत लिहिते. वेळ जातो, पण बोलत नाही. नवा ड्राइव्ह ४०९६ वर फॉरमॅट केलेला आहे आणि तो सोंग करत नाही. त्याच्याशी व्यवहार ४०९६ च्या पटीतच.

लिनक्सचा नियम आधी आणखी कडक होता. २.४ मालिकेत पत्ता, ऑफसेट, लांबी हे तिन्ही फाइल सिस्टिमच्या ब्लॉकच्या पटीत लागायचे. २.६ पासून खालच्या डिव्हाइसचा लॉजिकल ब्लॉक (डिस्क बाहेर दाखवते तो सेक्टर) पुरे झाला, आणि तो तेव्हा जवळपास सगळीकडे ५१२ होता. त्या काळातल्या कित्येक प्रोग्रामांत ५१२ हा आकडा असा खिळा ठोकल्यासारखा बसलाय.

आता तुमचं गणित बघा. हेडर ५१२ चं, म्हणजे लांबी चुकली, पहिलाच राइट पडला. समजा हेडर तुम्ही वेगळ्या, साध्या मार्गाने लिहिलंत, तरी पुढचा प्रत्येक तुकडा ५१२, मग १ एमबी अधिक ५१२, मग २ एमबी अधिक ५१२ या ऑफसेटवर जाणार. १ एमबीला ४०९६ ने पूर्ण भाग जातो, पण ते सुरुवातीचे ५१२ शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. एकही तुकडा पास होणार नाही.

आणि जुन्या मशीनवर बिनतक्रार चालतंय म्हणालात ना, ते चालतंय एवढंच. एक्सएफएसचा ब्लॉक सहसा ४०९६ असतो. त्याला अर्ध्यात कापणारा डायरेक्ट राइट आला की एक्सएफएस त्या फाइलवर एक्सक्लुझिव्ह लॉक घेऊन त्याला एकट्याने जाऊ देतो. शिवाय तुमच्या प्रत्येक १ एमबीच्या दोन्ही टोकांना डिस्कला ते वाचा-बदला-लिहा करावं लागतं. हेडर नीट केलंत तर जुन्या मशीनवरही फरक पडेल.

उगाचच | मंगळवार, सकाळी ११:२०

मी या क्षेत्रातला नाही, कुतूहल म्हणून विचारतो. साधा राइट केला तर ७ बाइटसुद्धा लिहिता येतात. मग या 'डायरेक्ट'लाच एवढी सोवळ्याओवळ्याची भानगड कशाला?

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १२:०२

उगाचच, प्रश्न उगाच नाही.

डिस्क हा मार्केट यार्डातला घाऊक व्यापारी समजा. तो पोतं फोडून पावशेर देत नाही. तुम्हाला पावशेर मिळतं ते मध्ये किराणावाला बसलाय म्हणून, आणि तो किराणावाला म्हणजे पेज कॅश. ७ बाइट लिहिले की कर्नल ते स्वतःच्या पानात कॉपी करतो, आजूबाजूचे बाइट आधीच त्या पानात आणून ठेवलेले असतात, आणि सवडीने अख्खं पान डिस्कला देतो. ओ_डायरेक्ट म्हणजे 'मध्ये कोणी नको, मी थेट यार्डात जातो' असं म्हणणं. मग पोतं उचलायची तयारी ठेवावी लागते.

ऑफसेट आणि लांबीचं असं आहे. पत्त्याचं कारण वेगळं. डायरेक्टमध्ये कॉपी होतच नाही. तुमच्या प्रोग्रामची पानं कर्नल जागच्या जागी पिन करतो आणि कंट्रोलर डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, थेट त्यातून डेटा उचलतो. त्या डीएमए यंत्राला कुठल्याही पत्त्यापासून सुरुवात करता येईलच असं नाही, त्याच्या काही अटी असतात. कॉपी करणारा सीपीयू हे सगळं सांभाळून घेतो, डीएमए घेत नाही.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते एसजीआय कंपनीच्या आयरिक्स या युनिक्सवर. लिनक्सवाल्यांनी हा प्रकार तिथूनच उचलला. आयरिक्समध्ये मात्र एक सभ्यपणा होता. एफसीएनटीएलमध्ये एफ_डायोइन्फो म्हणून कमांड होती, फाइल उघडून तिला विचारलं की ती मेमरीची अलाइनमेंट, कमीत कमी आकार आणि जास्तीत जास्त आकार तिन्ही सांगायची. लिनक्समध्ये ओ_डायरेक्ट २००१ साली २.४.१० ला आला, पण विचारायची सोय आली नाही. एक्सएफएसने आपल्यापुरती आयऑक्टल (खास विचारणा करायचा कॉल) ठेवली होती, बाकी सगळे अंदाजपंचे. सर्व फाइल सिस्टिमांना चालेल अशी सोय स्टॅटएक्समध्ये (फाइलची माहिती देणारा कॉल) आली ६.१ कर्नलला, डिसेंबर २०२२ मध्ये. एकवीस वर्षं!

अवांतर: लिनस टोरवाल्ड्सला हा इंटरफेस कधीच आवडला नाही. हे डिझाइन नशा केलेल्या, डोकं फिरलेल्या माकडाचं असावं अशा अर्थाचं त्याने २००२ मध्ये लिहिलं होतं, आणि ते वाक्य ओपनच्या मॅन पेजमध्ये बरीच वर्षं मानाने विराजमान होतं.

उगाचच | मंगळवार, दुपारी १२:१०

कळलं! धन्यवाद काका. माकडासाठी वाखूसा (वाचनखूण साठवली).

खटपट्या | मंगळवार, दुपारी १:३५

मला वाटतं पत्त्याच्या अलाइनमेंटचा बाऊ केला जातोय. आत्ता माझ्या लॅपटॉपवर, एनव्हीएमईच आहे, कर्नल ६.८, छोटा प्रोग्राम लिहून बघितला. मेमअलाइन वगैरे काही नाही, सरळ मॅलॉक, १ एमबी, ओ_डायरेक्ट, ऑफसेट शून्य. मस्त चाललं. पत्ता छापला तर शेवटी ०१०, म्हणजे ४०९६ सोडाच, ५१२ लासुद्धा अलाइन नाही. तेव्हा ऑफसेट आणि लांबी सांभाळा, पत्त्याचं टेन्शन घेऊ नका.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी २:१७

खटपट्या, प्रयोग करून बघितलात हे उत्तम, पण निष्कर्ष धोक्याचा आहे. हाच प्रोग्राम बारीकसारीक यांच्या साटा डिस्कवर चालवलात तर पहिल्या फटक्यात ईइन्व्हॅल मिळेल.

ते ०१० कुठून आलं ते आधी. ग्लिबसीचं (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) मॅलॉक मोठी मागणी आली की (मूळ सेटिंगमध्ये १२८ केबीपासून पुढे) एमएमॅप करून कर्नलकडून अख्खी पानं आणतं. पानाचा पत्ता ००० वर संपतो. पण मॅलॉकला स्वतःची नोंद ठेवायला सुरुवातीचे १६ बाइट लागतात, ६४ बिट मशीनवर. ते वगळून जो पत्ता तुमच्या हातात पडतो तो ०१० वर संपतो. दहा वेळा घ्या, मोठा तुकडा असला की बहुतेक वेळा तेच शेपूट दिसेल.

आता तो चालला कसा? कर्नल ६.० मध्ये पत्त्याची अट सैल झाली. आधी पत्त्यालाही लॉजिकल ब्लॉकचीच अट लावायचे, सरसकट. ६.० पासून डिव्हाइसचा ड्रायव्हर जी डीएमए अलाइनमेंट सांगतो ती बघतात. एनव्हीएमईचा ड्रायव्हर ४ बाइट सांगतो. एनव्हीएमईमध्ये बफर कुठे आहे ते कंट्रोलरला पानांच्या यादीने कळवतात. यादीतली पहिली नोंद पानाच्या मधूनही सुरू होऊ शकते, फक्त ४ च्या पटीत हवी, आणि पुढच्या सगळ्या पानाच्या आरंभापासून. तुमचं ०१० म्हणजे १६, त्याला ४ ने भाग जातो, म्हणून पास.

साटाचं तसं नाही. तिथे लिबएटीए ड्रायव्हर अजूनही पत्ता सेक्टरच्या पटीत मागतो, म्हणजे ५१२. कारण गमतीशीर आहे. डीएमए न वापरता सीपीयूनेच एकेक सेक्टर हलवायचा जो जुना पीआयओ मार्ग आहे, त्या कोडला एक सेक्टर दोन पानांत फुटलेला चालत नाही. आज त्या मार्गाने क्वचितच कोणी जातं, पण अट सगळ्यांना.

तपासायचं असेल तर सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या 'क्यू' डिरेक्टरीत 'डीएमए_अलाइनमेंट' नावाची फाइल आहे. त्यात मास्क असतो, म्हणजे अलाइनमेंटपेक्षा एक कमी. तुमच्याकडे ३ दिसेल, साटावर ५११.

म्हणजे बारीकसारीक यांचं जुन्यावर चालतं आणि नव्यावर पडतं, तुमचं बरोबर उलटं होईल. दोघांकडे कारण एकच: ज्या मशीनवर लिहिलं त्याच्या अटी कोडमध्ये मुरल्या.

खटपट्या | मंगळवार, दुपारी २:२५

बरं बाई, माघार. ३ च दिसतंय.

बारीकसारीक | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

चाफेकळी ताई, काका, दोघांचेही आभार. नव्या मशीनवर स्टॅटएक्सने विचारून बघितलं. मास्कमध्ये स्टॅटएक्स_डायोअलाइन द्यायचं आणि परत आलेल्या स्ट्रक्चरमधली दोन फील्ड वाचायची. आलं ते असं:

मेमरी अलाइनमेंट: ४
ऑफसेट अलाइनमेंट: ४०९६

म्हणजे वर ताईंनी सांगितलं तसंच. आता माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. हेडर ४०९६ चं केलं तर जुन्या शेकडो फाइली वाचणारा प्रोग्राम काय करणार? आणि शेवटचा तुकडा. टेस्ट कधीही थांबते, त्यामुळे शेवटी जे उरतं ते १ एमबीचं नसतं, काहीही असतं. जुन्या कोडमध्ये तो तुकडा ५१२ पर्यंत शून्यांनी भरलाय आणि वाचणारा ती शून्यं ओळखून टाकून देतो, जे मला अजिबात पसंत नाही, कारण सेन्सरचं खरं रीडिंगही शून्य असू शकतं.

अजगरवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

एक उपाय म्हणजे ड्राइव्हच ५१२ वर फॉरमॅट करायचा, बऱ्याच एनव्हीएमईंना दोन्ही जमतं. एनव्हीएमई आयडी-एनएस कमांड दिली की कोणकोणते फॉरमॅट आहेत आणि कोणता वापरात आहे ते दिसतं.

चाफेकळी | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

जमतं, पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं: फॉरमॅट बदलला की ड्राइव्हवरचा सगळा डेटा जातो. आणि मुळात चांगल्या ड्राइव्हला जुन्या प्रोग्रामपायी मागे का न्यायचं? प्रोग्राम बदला.

हेडर: ४०९६ चं करा. त्यात आवृत्ती क्रमांक ठेवा आणि 'डेटा कुठून सुरू' हा आकडाही ठेवा. वाचणारा प्रोग्राम आवृत्ती बघेल. जुनी असेल तर ५१२ पासून, नवी असेल तर हेडर सांगेल तिथून. एक बारीक गोष्ट: पॉझिक्स_मेमअलाइन मेमरी पुसून देत नाही. हेडरची खरी माहिती शंभर-दीडशे बाइटची असेल, उरलेल्या चार हजारांत आधीच्या वापरातला कचरा असतो आणि तो जसाच्या तसा फाइलमध्ये जातो. आधी मेमसेटने शून्य करा. आणि पॉझिक्स_मेमअलाइन एरर परत देतं ते रिटर्न व्हॅल्यूने, एररनोमध्ये शोधू नका.

जुन्या फाइली वाचणं: ५१२ ऑफसेटवरून डायरेक्ट वाचता येणार नाही. शून्यापासून वाचून बफरमध्ये ५१२ पुढे सरकता येतं, पण मग प्रत्येक तुकड्याची शेपटी पुढच्या वाचनात येते आणि जोडाजोडीचा कोड लिहावा लागतो. माझं मत विचाराल तर जुन्या फाइली साध्या रीडने वाचा, ओ_डायरेक्ट देऊच नका. वाचून झालेल्या भागासाठी पॉझिक्स_एफअ‍ॅडव्हाइज, डोंटनीड. कॅश साचणार नाही.

शेवटचा तुकडा: समजा ३,००,७०० बाइट उरले. ४०९६ च्या वरच्या पटीत नेलं की ३,०३,१०४. तेवढे लिहा, मग एफट्रंकेटने फाइल खऱ्या लांबीला कापा. दुसरा मार्ग जीएनयू डीडी वापरतं तो. 'ओफ्लॅग=डायरेक्ट' दिलं असलं तरी शेवटचा अपुरा ब्लॉक आला की ते एफसीएनटीएलने ओ_डायरेक्ट फ्लॅग उतरवतं आणि तो तुकडा साध्या मार्गाने लिहितं. तुम्हाला पहिला मार्ग सोपा पडेल. फक्त लिहिणं आणि कापणं याच्या मध्ये मशीन बसलं तर शून्यं फाइलमध्ये राहतील, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याची खरी लांबी लिहून ठेवा. मग शून्य रीडिंग की भरणी हा वाद उरत नाही.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री ८:१५

वाचताना शेवटाला आणखी एक खड्डा आहे. फाइल ४०९६ च्या पटीत नाही असं धरा. १ एमबी मागितलं, शेवट आला म्हणून ३,००,७०० मिळाले, इथपर्यंत ठीक. पण आता फाइलचा ऑफसेट वेड्यावाकड्या जागी आहे. 'शून्य येईपर्यंत वाचत राहा' हा आपला नेहमीचा लूप पुन्हा रीड मारतो, आणि तिथे शून्य मिळेल की ईइन्व्हॅल हे फाइल सिस्टिम आणि कर्नलवर अवलंबून. एफस्टॅटने आकार आधी विचारा आणि पीरीडने मोजून वाचा.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:०५

एक प्रामाणिक प्रश्न. स्टॅटएक्स, मास्क, दोन फील्ड, जुन्या कर्नलवर ही सोयच नाही, मग तिथे डिस्कचा लॉजिकल सेक्टर विचारणारी बीएलकेएसएसझेडगेट आयऑक्टल... एवढं करण्यापेक्षा सगळीकडे ४०९६ धरून चाललं तर काय बिघडतं? पत्ता, ऑफसेट, लांबी, सगळं ४०९६. ५१२ वाल्यालाही चालतं, ४०९६ वाल्यालाही.

चाफेकळी | मंगळवार, रात्री ९:३३

आजच्या बहुतेक मशीनवर काही बिघडत नाही, आणि घरगुती टूलसाठी मीही तेच करीन. पण 'चालेल' हे विचारून ठरवावं, गृहीत धरून नाही. त्याची कारणं.

अट फक्त डिस्कची नसते, मध्ये फाइल सिस्टिम असते. एफएसक्रिप्टने (फाइल सिस्टिममधली एन्क्रिप्शनची सोय) एन्क्रिप्ट केलेल्या फाइलवर डायरेक्ट आयओ फक्त इनलाइन एन्क्रिप्शन (डेटा डिस्ककडे जाताना वाटेतच होणारं) असेल तरच होतं, आणि तेव्हा अट लॉजिकल ब्लॉकची नाही, फाइल सिस्टिमच्या ब्लॉकची. काही ठिकाणी डायरेक्ट मुळात जमतच नाही. अशा फाइलला स्टॅटएक्स दोन्ही फील्डांत शून्य देतं. हे शून्य फार कामाचं आहे, कारण काही फाइल सिस्टिम ओ_डायरेक्ट निमूटपणे घेतात आणि आत साध्याच मार्गाने लिहितात. एरर नाही, काही नाही, तुम्ही कॅश टाळल्याच्या आनंदात आणि कॅश मात्र भरतेय.

म्हणून मी असं करते: स्टॅटएक्सने विचारायचं, जे येईल ते आणि ४०९६ यांतलं मोठं घ्यायचं, शून्य आलं तर लॉगमध्ये स्पष्ट लिहून साधा मार्ग धरायचा. मेमरीला ४ सांगितलं तरी मी ४०९६ च देते. पानाच्या आरंभापासून बफर असला की एक पान कमी पिन होतं, आणि उद्या तोच कोड साटावर गेला तरी पडत नाही.

आधाररेघ | मंगळवार, रात्री १०:१२

वर 'जमतच नाही' निघालंच आहे म्हणून. आमच्याकडे टेस्ट सगळ्या टीएमपीएफएसवर (रॅममधली फाइल सिस्टिम) चालायच्या, आणि ओ_डायरेक्टने फाइल उघडतानाच ईइन्व्हॅल. अलाइनमेंटशी काही संबंध नव्हता, त्या काळी टीएमपीएफएस ओ_डायरेक्ट घेतच नसे. ६.६ पासून घेतं. तेव्हा ईइन्व्हॅल ओपनला येतोय की रीड-राइटला, हे आधी बघावं.

अजगरवाला | बुधवार, सकाळी ८:५०

पायथनवाल्यांसाठी भर. ओएस.ओपनला ओ_डायरेक्ट देता येतं, पण ओएस.रीड नको, कारण ते स्वतःचं बाइट्स ऑब्जेक्ट बनवतं आणि त्याच्या डेटाच्या आधी ऑब्जेक्टचं हेडर असतं, पत्ता कुठलाही निघतो. युक्ती: एमएमॅप मॉड्यूलने -१ देऊन निनावी मॅपिंग घ्या. ते पानाच्या आरंभापासूनच असतं. मग ओएस.पीरीडव्हीला तो बफर द्या. जावामध्ये जेडीके १० पासून एक्स्टेंडेडओपनऑप्शन.डायरेक्ट आहे, ब्लॉकचा आकार फाइलस्टोअर सांगतो आणि बाइटबफरच्या अलाइन्डस्लाइसने अलाइन तुकडा कापून घेता येतो. गो मध्ये थोडा जास्त आकार घेऊन आतली योग्य जागा शोधायची.

खिडकीपाशी | बुधवार, सकाळी १०:३०

आमच्या विंडोजलाही कोणीतरी विचारा!

फाइल_फ्लॅग_नो_बफरिंग. अटी तशाच: ऑफसेट आणि लांबी व्हॉल्यूमच्या सेक्टरच्या पटीत, आणि बफरचा पत्ता फिजिकल सेक्टरला अलाइन असावा. चुकलं की एरर ८७, इनव्हॅलिड पॅरामीटर, तितकाच मुका. व्हर्च्युअलअलॉकने मेमरी घेतली की पानालाच अलाइन मिळते, सोपं. विंडोज ८ पासून फाइलच्या हँडलवरून फाइलस्टोरेजइन्फो मागता येतं, लॉजिकल-फिजिकल दोन्ही सेक्टर कळतात.

५१२-ई वरून आठवलं. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू व्हायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि त्याला ४०९६ ने भाग जात नाही. त्यामुळे ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर प्रोग्रामने सगळं नीट अलाइन केलं तरी पार्टिशनच वाकडं, आणि प्रत्येक क्लस्टर दोन सेक्टरांवर पाय टाकून बसलेला. व्हिस्टापासून १ एमबीवर सुरुवात होते.

मॅकवाल्यांचं बरं आहे. तिथे ओ_डायरेक्टच नाही, एफसीएनटीएलला एफ_नोकॅश द्यायचं आणि अलाइनमेंटची सक्तीही नाही.

उगाचच | बुधवार, सकाळी १०:४४

खिडकीपाशी, आयडी सार्थ केलात.

आधाररेघ | बुधवार, दुपारी १२:२०

@बारीकसारीक, तुमचा मूळ हेतू 'कॅश भरू नये' एवढाच असेल तर ओ_डायरेक्टचं लोढणं हवंच आहे का? डेटाबेसवाल्यांची गोष्ट वेगळी. इनोडीबीकडे (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) स्वतःचा बफर पूल असतो, पेज कॅशमध्ये तीच पानं पुन्हा ठेवणं म्हणजे रॅमची नासाडी, म्हणून ते ओ_डायरेक्ट वापरतात. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूचं कॅश=नन तेच. तुमचं तर एकदा लिहिलं की संपलं. ६.१४ कर्नलपासून पीराइटव्ही२ ला आरडब्ल्यूएफ_डोंटकॅश हा फ्लॅग देता येतो. लिहिणं पेज कॅशमधूनच होतं, पण डिस्कवर पोचलं की पानं लगेच सोडून देतात. अलाइनमेंटची एकही अट नाही.

बारीकसारीक | बुधवार, दुपारी १:०५

कल्पना आवडली, पण सर्व्हरवर ६.८ आहे आणि कर्नल बदलायची परवानगी या जन्मात मिळेलसं वाटत नाही. हेडर ४०९६ चं करून टाकलंय, तुकड्यांच्या आरंभी लांबी घातलीय, स्टॅटएक्सचा भागही. सकाळपासून चालू आहे, एकही ईइन्व्हॅल नाही, विश्लेषणवालेही शांत.

आता शेवटची शंका. हा प्रोग्राम दर काही मिनिटांनी सिस्टिम() कॉल करून एक स्क्रिप्ट चालवतो, आणि लिहिण्याचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये असतं. ओपनच्या मॅन पेजमध्ये फोर्कबद्दल काही इशारा वाचला, नीट समजला नाही. आणि दुसरं, कॅश टाळतोय म्हणजे राइट परत आला की डेटा डिस्कवर गेला असं धरू ना? आमच्याकडे लाइट जाते.

चाफेकळी | बुधवार, दुपारी ३:४०

फोर्क: डायरेक्ट आयओ चालू असताना डीएमए तुमच्या पानांना थेट हात लावत असतं. त्याच वेळी फोर्क झाला, म्हणजे प्रोसेसने स्वतःची नक्कल (मूल) बनवली, तर खाजगी मॅपिंगची पानं कॉपी-ऑन-राइट होतात, आई आणि मूल दोघंही तेच पान धरून. मग कोणी लिहायला गेलं की नवी प्रत बनते आणि डीएमए जुन्या पानावर काम करत राहतं. डेटा गहाळ होतो आणि एरर कुठेच येत नाही. मॅलॉकची किंवा पॉझिक्स_मेमअलाइनची मेमरी खाजगीच असते. बफर घेतल्यावर त्यावर एमअ‍ॅडव्हाइज, एमएडीव्ही_डोंटफोर्क द्या. मुलाला ती पानं मिळतच नाहीत, प्रश्न मिटतो. हे मात्र पानांच्या हिशोबाने लागू होतं, म्हणून बफरची लांबीही ४०९६ च्या पटीत घ्या, नाहीतर शेवटच्या पानावर शेजारी असलेलं दुसरंच काहीतरी मुलाच्या हातून जाईल. किंवा बफर एमएमॅपने सामाईक मॅपिंग म्हणून घ्या. तिथे हा धोका नाही.

लाइट: नाही, तसं धरू नका. ओ_डायरेक्ट फक्त पेज कॅश टाळतो. ड्राइव्हची स्वतःची कॅश असते, आणि फाइल वाढली ही नोंद फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये जायची असते. दोन्हींसाठी एफडेटासिंक लागतं. प्रत्येक तुकड्यानंतर मारलंत तर वेग बसेल. किती सेकंदांचा डेटा गेलेला तुम्हाला परवडतो ते ठरवा आणि तेवढ्या अंतराने मारा. आणि फाइल मोठी होत जातेय तर आधीच एफअ‍ॅलोकेटने जागा राखून ठेवा, दर वेळी नवे ब्लॉक शोधणं वाचेल. मग फाइल बंद करताना एफट्रंकेट विसरू नका, ते आता नुसत्या शेपटीसाठी नाही, राखलेल्या सगळ्या जागेसाठी लागेल.